रेसिंगचं इंजिनिअरिंग शिकायचं असेल तर



"मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंगमध्ये एम.एस्सी. करू का?" हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. मी मेकॅनिकलची पदवी घेतली आणि आता सॉफ्टवेअर लिहितो. तरी मुलं मला विचारतात, कारण रेसिंगचं निम्मं काम आता कॉम्प्युटरवरच चालतं. आज "स्वप्नं बघा" असं मी सांगणार नाही, ती तुम्ही बघताच. या शिक्षणात काय शिकवतात, पैसा कुठून येतो आणि पुढे काय होतं, एवढंच बोलतो.

आधी अभ्यासाबद्दल. लोकांना वाटतं की इथे इंजिन उघडून बसायचं असतं. प्रत्यक्षात सगळं टायरपाशी येऊन थांबतं. गाडी रस्त्याला चिकटते ती फक्त चार ठिकाणी. ब्रेक, वेग, वळण, सगळं त्या चार तुकड्यांतून जातं. टायरची पकड एका ठरावीक मापाची असते. ती ब्रेकला वापरली तर वळायला कमी उरते. आता आपल्या रिक्षाचं बघा. वळणावर तिचं आतलं चाक हलकं होतं, भार बाहेरच्या चाकावर जातो. मग बाहेरच्याची पकड वाढली, हिशेब बरोबरीत सुटला, असं वाटतं ना? तसं होत नाही. टायरवर भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे भार इकडून तिकडे गेला की एकूण पकड घटते. रेसिंग कार जमिनीला टेकल्यासारखी ठेंगणी का, बॅटरी आणि टाकी तळाशी का, याचं मोठं कारण हे आहे. पंख लावून हवेच्या दाबाने गाडी खाली दाबली की वजन न वाढवता भार वाढतो, म्हणून एरोडायनॅमिक्सला एवढी किंमत. त्यात पुन्हा टायरचं तापमान, झीज, रस्त्याचा पोत. ही सगळी समीकरणं कॉम्प्युटरमध्ये घालून, गाडी ट्रॅकवर उतरायच्या आधीच लॅपचा वेळ काढतात. कार्बन फायबरचे भाग, हायब्रिड पॉवर, डेटा हे विषय याच मुळावर वाढलेले. ज्याला या हिशेबात रस नाही, फक्त आवाज आणि वेग आवडतो, त्याने तिकीट काढून शर्यत बघावी. तेही छानच आहे.

आता कुठे शिकायचं. नाव सगळ्यांना माहीत असतं ते इंग्लंडचं: क्रॅनफिल्ड, ऑक्सफर्ड ब्रुक्स. त्याला कारण आहे. मर्सिडीज ब्रॅकलीला, रेड बुल मिल्टन कीन्सला, विल्यम्स ग्रोव्हला, अल्पीन एन्स्टोनला, अ‍ॅस्टन मार्टिन सिल्व्हरस्टोनला. एकमेकांपासून तास-दीड तासाच्या आत. आपल्या मुंबईच्या महिंद्राची फॉर्म्युला ई टीमसुद्धा तिथेच, बॅनबरीत. एका वर्षात पदवी होते. पण फी आणि राहणं मिळून तीस लाखांच्या वर सहज जातं. काही अभियांत्रिकी विषयांना व्हिसाच्या आधी एटास नावाची सरकारी मंजुरी लागते, तिला आठवडे जातात. आणि शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा २०२७ पासून अठरा महिन्यांचा होतो आहे.

इथे आपल्या घरातला प्रश्न येतो. तीस लाखांचं कर्ज, त्यावर व्याज. काही अब्बा व्याजाला दीनमुळे नाही म्हणतात, काही साध्या हिशेबामुळे. दोघांचंही ऐकण्यासारखं आहे. केंद्राची 'पढो परदेश' योजना अल्पसंख्याक मुलांच्या शैक्षणिक कर्जावरचं शिक्षणकाळातलं व्याज भरायची. ती २०२२-२३ पासून बंद झाली. माझ्या मते तो अन्याय आहे आणि त्याबद्दल आपण बोलत राहिलं पाहिजे. पण पुढच्या सप्टेंबरला ज्याला जायचं आहे त्याला आज वाट हवी.

ती इटलीत आहे, आणि आपल्याकडे फार कमी मुलांना ठाऊक आहे. बोलोन्या, मोदेना, पार्मा, फेरारा इथल्या विद्यापीठांनी फेरारी, लॅम्बोर्गिनी, डुकाटी, दल्लारा अशा कंपन्यांसोबत 'म्युनर' नावाचा उपक्रम उभा केला आहे. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, इंग्रजीतून, त्यात रेसिंग कारचा वेगळा विभाग. जागा मोजक्या, निवड कडक. पण तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी घरच्या उत्पन्नावर ठरते, आणि उत्पन्न कमी असेल तर प्रादेशिक सरकारची शिष्यवृत्ती मिळू शकते. त्यासाठी घरच्यांच्या उत्पन्नाची, मालमत्तेची कागदपत्रं भाषांतर करून, प्रमाणित करून द्यावी लागतात. तलाठी, तहसील, नोटरी, दूतावास, या फेऱ्यांना महिने लागतात, म्हणून आधीच्या वर्षीच सुरुवात करा. आणि पहिल्या वर्षी ठरलेले क्रेडिट मिळाले नाहीत तर पैसे परतही मागतात, हे घरी आधीच सांगून ठेवा. इंग्लंडलाच जायचं असेल तर चिव्हनिंग आहे. एक वर्षाची मास्टर्स, पूर्ण खर्च, पण साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं भारतात परतावं लागतं. म्हणजे तिथल्या टीममध्ये लगेच नोकरी हा विचार सोडायचा.

नोकरीचं खरं सांगतो. फॉर्म्युला वनमध्ये २०२६ ला अकरा टीम. २०२१ पासून टीमच्या खर्चावर कमाल मर्यादा आहे, त्यात बहुतेकांचे पगारही मोजले जातात. त्यामुळे भरती जपून होते, आणि परदेशी मुलाचा व्हिसा प्रायोजित करायचा म्हणजे त्याच्यात काहीतरी दिसावं लागतं. ते 'काहीतरी' पदवीतून क्वचित येतं. ते फॉर्म्युला स्टुडंटमधून येतं. कॉलेजच्या मुलांनी स्वतः डिझाइन करून बांधलेली छोटी रेसिंग कार. आपल्याकडे फॉर्म्युला भारत कोइम्बतूरला होते, आयआयटी मुंबईची टीम सिल्व्हरस्टोनपर्यंत गेलेली आहे. एक हजार गुण, त्यातले १५० नुसत्या डिझाइनच्या तोंडी परीक्षेला. परीक्षक विचारतो, हा पाइप एवढाच जाड का? "सिनिअरने सांगितलं" हे उत्तर चालत नाही. मग २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स, तिथे कितीतरी गाड्या मध्येच बंद पडतात. तुमच्या कॉलेजात टीम असेल तर दुसऱ्या वर्षीच आत शिरा. नसेल तर आठ जण गोळा करा. आणि एवढं करूनही रेसिंगमध्ये जागा मिळाली नाही, तर हेच ज्ञान पुण्या-चाकणच्या गाडी कंपन्यांना हवं असतं.

मुलींसाठी एक. "तिथे बायका कुठे असतात?" असं घरी म्हणाले तर सांगा: रेड बुलची शर्यतीची रणनीती हॅना श्मिट्झ ठरवत आल्या आहेत, आणि २०२५ मध्ये लॉरा म्युलर हासच्या रेस इंजिनिअर झाल्या, फॉर्म्युला वनमधल्या पहिल्या महिला. शुक्रवारी सराव असतो, मग जुम्याचं काय, असंही एकाने विचारलं होतं. बहुतेक इंजिनिअर ट्रॅकवर जातच नाहीत, फॅक्टरीत बसतात. तेव्हा तो प्रश्न इतर कुठल्याही ऑफिसातल्यासारखाच साहेबांशी बोलून सोडवायचा.

शेवटचा प्रश्न: "मी कॉम्प्युटर केलंय, मला जमेल का?" जमेल, पण टायर शिकावा लागेल. पायथनमध्ये 'फास्टएफवन' नावाची मोफत लायब्ररी आहे, तिच्यातून शर्यतींचा लॅपनिहाय डेटा मिळतो. एक शर्यत घ्या आणि टायर जुना होतो तसा दर लॅपला किती वेळ जातो ते काढा. इंधन जळून गाडी हलकी होत जाते, तेही हिशेबात धरा, नाहीतर उत्तर उलटं येईल. आकडे आले की मला पाठवा, आपण बसून बघू.