एक एकर पाणी

ओहोळाला मातीचा बांध घालून शेतात अडविलेले एक-दोन एकर पाणी म्हणजे काही सरोवर नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९३० नंतरच्या दशकात अशी तळी जागोजाग झाली. जमिनीची धूप थांबावी, गुरांना पाणी मिळावे, हा मूळ हेतू. परंतु पाणी साचले की त्यात मासे सोडून काठावर गळ टाकून बसण्याचा मोह सहसा आवरत नाही. तळहाताएवढा ब्लूगिल आणि त्याची पिले गिळणारा मोठ्या तोंडाचा बास, हे दोन मासे सोडण्याची रीत पडली. संध्याकाळी बुडालेल्या ओंडक्याच्या आडून बास गळावर झडप घालतो तेव्हा काठी वाकते नि धरणाऱ्याचे भान हरपते. एक-दोन हंगाम असे जात; पुढे हाती लागत ते बोटभर ब्लूगिल. ‘मासे संपले’ असे समजून मालक आणखी मासे आणून सोडी.

अलाबामा राज्यातील ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी या समजुतीचा छडा लावला, आणि तोही मोठ्या सरळ मार्गाने. तळे रिकामे करावयाचे आणि आतला मासा न् मासा मोजून, तोलून पाहावयाचा! मासे संपलेले नसत. त्यांची दाटी झालेली असे. बास वसंतात एकदा वितो, ब्लूगिल उन्हाळाभर. बास हौसेने आधीच पकडून नेले, की ब्लूगिल बेसुमार वाढतात, अन्न पुरेनासे होते आणि सारेच खुरटतात. बासचा नर घरट्यावर पहारा देतो खरा. पण भुकेल्या टोळीपुढे त्या एकट्याचे काय चालणार? अंडी फस्त होतात. भक्ष्य माशांचे वजन भक्षकांच्या सुमारे तिप्पट ते सहापट असावे, असे स्विंगल यांनी १९५० साली मांडले. नव्या तळ्यात बास एकदा व्याल्याखेरीज गळ टाकू नये, हा नियम त्यातूनच आला.

भारतातील मत्स्यपालकाला याचे नवल वाटावे. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात वीतच नाहीत. त्यांचे बीज नदीतून आणावे लागे. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून मासे विण्यास लावले, तेव्हा ती अडचण सुटू लागली. चौधुरी ऑबर्नलाही शिकले होते, हा योग मौजेचा.

१९७० नंतर अमेरिकेत पकडलेला बास जिवंत सोडून देण्याची प्रथा रूढ झाली. मोठ्या जलाशयात ती हिताची. लहान तळ्यात मात्र तिने उलटीच विपत्ती आणली. तेथे ब्लूगिल थोडे पण धष्टपुष्ट, आणि बास पुष्कळ, तेही मोठ्या डोक्याचे नि खपाटीला गेलेल्या पोटाचे. अशा तळ्यातील लहान बास निवडून घरी न्यावेत, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. मालकाला तो पटता पटत नाही. गळातून सोडविलेला बास त्याच्या हातून पुन्हा पाण्यातच जातो.