जुन्या काँक्रीटची खडी आणि नॅनो सिलिका



पिरनवाडी हे बेळगाव-खानापूर मार्गावरील गाव. शहराची वाढ अशा गावांच्या वेशीपर्यंत आली की जुनी बांधकामे पाडली जातात आणि राडारोडा कोठे टाकावा हा प्रश्न उभा राहतो. ओढ्यात टाकल्यास पावसाळ्यात पाणी तुंबते. शेताकडेला टाकल्यास पिकाची जमीन वाया जाते. नव्या घरासाठी मात्र डोंगर फोडून काळ्या दगडाची खडी आणावी लागते. या दोहोंची सांगड घालता येते. परंतु ती डोळसपणे घातली पाहिजे.

जुने काँक्रीट फोडून केलेल्या खडीचा मुख्य दोष म्हणजे तिला चिकटून राहिलेला जुन्या सिमेंट-वाळूचा थर. हा थर सच्छिद्र असून त्यात बारीक भेगा असतात. चांगल्या काळ्या दगडाची खडी बहुधा वजनाच्या दोन टक्क्यांहून कमी पाणी शोषते. ही खडी तीन ते दहा टक्के शोषू शकते. त्यामुळे कालवलेले काँक्रीट लवकर आळते. मग वरून पाणी ओतले जाते आणि बळकटी घटते.

या दोषावर नॅनो सिलिका हा एक उपाय अभ्यासिला गेला आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. नॅनो सिलिकाचे कण शंभर नॅनोमीटरहून लहान असतात. सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून काही मुक्त चुना निर्माण होतो. तो फारशी बळकटी देत नाही. हे कण त्या चुन्याशी संयोग पावून सिमेंटला बळकट करणारा बंधक पदार्थच अधिक निर्माण करतात व सूक्ष्म छिद्रे बुजवितात. खडी या द्रावणात भिजविता येते, किंवा सिमेंटच्या वजनाच्या सुमारे एक ते तीन टक्के नॅनो सिलिका मिश्रणात घालता येते. प्रमाण वाढल्यास कणांच्या गुठळ्या होतात व काँक्रीट कालविणे जड जाते. शिवाय ही वस्तू सिमेंटहून पुष्कळ महाग आहे. म्हणून ती निकृष्ट कामावरचा उतारा मानू नये.

कमी खर्चाचे उपाय आधी करावेत. पाडकामाच्या वेळीच लाकूड, माती, विटा व सळया वेगळ्या काढाव्यात. खडी चाळून धुवावी आणि कालविण्यापूर्वी भिजवून घ्यावी. काँक्रीटवर निदान सात दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटचे असल्यास दहा दिवस, पाणी मारावे.

भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने अशा खडीस मर्यादित मान्यता दिली आहे. बिनसळईच्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये एम २५ प्रतीपर्यंत २० टक्के, आणि एम १५ हून कमी प्रतीच्या भरावाच्या काँक्रीटमध्ये पूर्णतः ती वापरता येते. केवळ कोणाच्या तोंडी भरवशावर घराच्या स्लॅबमध्ये ती घालणे म्हणजे कुटुंबाचा जीव धोक्यात घालणे होय. पायाखालचा थर, पाऊलवाट, अंगणातील कोबा अशा कामांपासून प्रारंभ करावा.

शिक्षकांना हा धडा वर्गात दाखविता येईल. एक किलो कोरडी खडी चोवीस तास पाण्यात ठेवावी, फडक्याने पुसावी व पुन्हा तोलावी. वजन ५० ग्रॅमने वाढल्यास शोषण पाच टक्के झाले. काळ्या दगडाच्या खडीवर हाच प्रयोग केल्यास फरक मुलांच्या सहज ध्यानी येईल.

अधिकाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे. पाडकामाच्या कचऱ्यासंबंधी केंद्र शासनाने २०१६ मध्ये स्वतंत्र नियम केले. गावात राडारोड्यासाठी जागा नेमून द्यावी आणि काँक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनी दाबून तपासल्याखेरीज महत्त्वाच्या कामास अनुमती देऊ नये. पिरनवाडीजवळ मच्छे येथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, तर उद्यमबाग येथे १९७९ पासून गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. ज्ञान इतके जवळ असता गावाने ते विचारून घ्यावे, यातच शहाणपण आहे.