विजेची मोटर फिरते कशी ?

शालान्त परीक्षेस बसणारा विद्यार्थी विजेच्या मोटरीची व्याख्या बहुधा बिनचूक म्हणून दाखवितो. विद्युत्-ऊर्जेचें यांत्रिक ऊर्जेंत रूपांतर करणारें यंत्र म्हणजे मोटर, हें वाक्य त्यास मुखोद्गत असतें. परंतु परीक्षकानें एक साधा प्रश्न विचारला कीं तोच विद्यार्थी गोंधळतो. भारतांतील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें पुरीं करतो, म्हणजे आपली दिशा सेकंदास १०० वेळां बदलतो. मग त्यावर चालणारी मोटर जागच्या जागीं थरथरत न राहतां एकाच दिशेनें कां फिरते ? याचें उत्तर ज्यास उमगलें, त्यास बाकीचें प्रकरण घोकावें लागत नाहीं.

उत्तराचें बीज १८२४ सालीं फ्रान्समध्यें सांपडलें. तांब्याची चकती फिरविली असतां तिच्यावर टांगलेली चुंबकसूचि तिच्या मागोमाग फिरूं लागते, असें फ्रांस्वा आरागो या शास्त्रज्ञास आढळलें. लोखंडाप्रमाणें तांबें चुंबकाकडे ओढलें जात नाहीं, आणि चकतीचा सूचीस स्पर्शहि होत नव्हता. या गूढाचा उलगडा मायकेल फॅरेडे यांनीं १८३१ सालीं लावलेल्या विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाच्या शोधानें झाला. धातु व चुंबकीय क्षेत्र यांत सापेक्ष गति असली कीं धातूंत प्रवाह उत्पन्न होतो. आणि लेन्झच्या नियमाप्रमाणें तो प्रवाह आपल्या कारणासच विरोध करतो. येथें कारण म्हणजे ती सापेक्ष गति. ती कमी व्हावी म्हणून सूचि चकतीच्या मागें धांवते. उलट चुंबक फिरविलें, तर चकती त्याच्या मागें धांवेल.

तेव्हां खरी अडचण एवढीच उरली कीं, चुंबक हातानें न फिरवितां फिरतें क्षेत्र कसें मिळवावें ? इटलींतील तूरिन येथील प्राध्यापक गॅलिलिओ फेरारिस यांनीं १८८५ सालीं ती सोडविली. निकोला टेस्ला यांनींहि स्वतंत्रपणें तोच मार्ग शोधला व १८८८ सालीं अमेरिकेंत त्याचीं पेटंटें मिळविलीं.

त्यांची युक्ति तीन फेजांच्या मोटरींत स्पष्ट दिसते. स्थिर लोखंडी भागाच्या खांचांत तारेचीं तीन वेटोळीं परस्परांपासून १२० अंशांवर बसविलेलीं असतात. पहिल्यांतील प्रवाह शिखरास पोंचल्यानंतर सेकंदाच्या १५०व्या भागानें दुसऱ्यांतील, व पुन्हां तितक्याच वेळानें तिसऱ्यांतील प्रवाह शिखरास पोंचतो. रहाटगाडग्याचे पोहरे एकामागून एक वर यावेत, तसा हा क्रम अखंड चालतो. वेटोळीं जागचीं हालत नाहींत. पण तिघांचें मिळून जें क्षेत्र बनतें, तें गोल फिरत राहतें.

या क्षेत्राच्या मधोमध तांब्याच्या अगर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा पिंजरा असतो. खारीच्या पिंजऱ्याशीं त्याचें साम्य असल्यामुळें त्यास तेंच नांव पडलें आहे. त्यास बाहेरून एकहि तार जोडलेली नसते. त्यांतील प्रवाह केवळ प्रवर्तनानें उत्पन्न होतो, आणि आरागोच्या सूचीप्रमाणें पिंजरा क्षेत्राच्या मागें धांवूं लागतो.

तो क्षेत्रास गांठतो काय ? कधींच नाहीं. चार ध्रुवांचें क्षेत्र ५० आवर्तनांच्या प्रवाहावर मिनिटास १५०० फेरे घेतें. मोटरीवरील पाटीवर मात्र १४४० असा कांहींसा आंकडा असतो. ही ६० फेऱ्यांची तूट विद्यार्थ्यास यंत्राचा दोष वाटते. वस्तुतः तोच यंत्राचा प्राण होय. पिंजऱ्यानें क्षेत्रास गांठलें, तर सापेक्ष गति संपेल. ती संपली कीं प्रवाह नाहींसा होईल, आणि प्रवाहावांचून बल उरणार नाहीं. या चार टक्के मागें राहण्यास घसरण म्हणतात. भार वाढला कीं घसरण वाढते, तिच्याबरोबर प्रवाह वाढतो, आणि अधिक भार पेलण्याइतकें बल मिळतें. परंतु पंप अडकून मोटर थांबलीच, तर प्रवाह कित्येक पटींनीं वाढून गुंडाळी जळण्याचा धोका असतो.

घरांतील पंख्यास मात्र एकच फेज मिळते, आणि तेथें विद्यार्थ्याची मूळ शंका खरी ठरते. एकाच गुंडाळीचें क्षेत्र नुसतें मागेंपुढें होतें. तें थांबलेल्या पिंजऱ्यास कोणत्याच दिशेनें चालना देऊं शकत नाहीं. म्हणून पंख्यांत दुसरी गुंडाळी घालून तिला कपॅसिटर जोडतात. त्यायोगें तिच्यांतील प्रवाह पहिलीच्या पुढें-मागें होतो व फिरतें क्षेत्र तयार होतें. कपॅसिटर निकामी झाला कीं पंखा नुसता गुणगुणतो व फिरत नाहीं, त्याचें कारण हेंच.

यास्तव परीक्षेच्या उत्तरांत चार पायऱ्या असाव्यात : फिरतें क्षेत्र, पिंजऱ्यांतील प्रवर्तित प्रवाह, त्या प्रवाहावर क्षेत्राचें बल, आणि घसरणीची आवश्यकता. पहिल्या तीन पायऱ्या पाठांतरानेंहि लिहितां येतील. चौथी मात्र ज्यास कारणासह सांगतां आली, त्यासच मोटर समजली असें परीक्षकानें खुशाल मानावें.