साखर कारखान्याचा परिव्यय आणि संचालक मंडळाचे निर्णय

विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने सांभाळले, त्यामुळे खर्चाचा अभ्यास सहकारी साखर चळवळीला परका नाही. तरीही त्याची निकड वाढली आहे. कारण एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, २०१८-१९ मध्ये १० टक्के उताऱ्याला टनामागे २,७५० रुपये होता, तो २०२४-२५ मध्ये १०.२५ टक्के उताऱ्याला ३,४०० रुपये झाला, आणि साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ पासून त्या हंगामापर्यंत क्विंटलला ३,१०० रुपयांवरच राहिला.

ताळेबंद सरलेल्या हंगामाचा हिशेब देतो. व्यवस्थापकीय लेखांकन, म्हणजे निर्णयासाठी केलेली खर्चाची मांडणी, येणाऱ्या हंगामाकडे पाहते. पगार, व्याज, घसारा हे स्थिर खर्च गाळप कमी झाले म्हणून घटत नाहीत. समजा, ते २४ कोटी रुपये आहेत. चार लाख टन गाळपावर त्यांचा भार टनामागे ६०० रुपये पडतो, तर तीन लाख टनांवर ८०० रुपये. गाळप तीन लाखांवर अडले असताना कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस आणावा का, हा प्रश्न या ८०० रुपयांसह सोडवला, तर तो ऊस तोट्याचा दिसतो आणि नाकारला जातो. वास्तविक त्या उसाच्या उत्पन्नाशी तोलायचे ते फक्त उसाचा दर, जादा तोडणी-वाहतूक, रसायने आणि पोती, कारण उरलेला खर्च व्हायचाच आहे. अर्थात हा निकष उरलेल्या क्षमतेपुरताच. सबंध हंगाम त्यावर चालवला, तर कर्जाचे हप्ते थकतील.

हाच विचार उत्पादनांनाही लागू होतो. साखर, मळी आणि बगॅस यांच्यात उसाच्या सामाईक खर्चाची वाटणी कशीही केली, तरी ती संकेतावरच आधारलेली असते. बी-हेवी मळी, म्हणजे साखरेचा अंश जास्त राहिलेली मळी, इथेनॉलकडे वळवावी का, हे त्या वाटणीवरून ठरवू नये. हातची जाणारी साखर, आसवनीचा वाढीव खर्च आणि इथेनॉलचे उत्पन्न एवढेच समोरासमोर मांडावे. अशा तुलनेची पत्रके लेखापरीक्षणाच्या वेळी तयार होऊन उपयोग नाही. हंगामासाठी बॉयलर पेटवण्याआधीच्या बैठकीत ती संचालकांपुढे असावीत आणि सभासदांनाही वाचता येतील अशा सोप्या मराठीत असावीत, अशी आग्रहाची विनंती आहे.