निराधार मातेची जिद्द आणि आपले कर्तव्य
(बुरोंडी येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



लेकरू पदरात घेऊन दारिद्र्याशी झुंजणाऱ्या मातेविषयी मी बोलावे, अशी मंडळाची सूचना आहे. आपल्या दापोली तालुक्यात या विषयाचा आरंभ वणंद गावापासूनच करावा लागतो. दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या वाहणाऱ्या भिकू धुत्रे यांची लेक रमा लहानपणीच आईवडिलांना पारखी झाली. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात तिचे लग्न लागले. १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेस गेले, तेव्हा यशवंत एक वर्षाचाही नव्हता. गोवऱ्या थापून, अर्धपोटी राहून माता रमाईंनी त्याला वाढविले. पुढे चार लेकरे डोळ्यांदेखत गेली, तरी त्या खचल्या नाहीत.

रमाईंना निदान चाळीतली खोली होती. सिंधुताई सपकाळांना तीही नव्हती. १९४८ साली वर्धा जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. शिक्षण कसेबसे चौथीपर्यंत. दिवस भरत आलेले असताना नवऱ्याने संशयावरून घराबाहेर काढले. गुरांच्या गोठ्यात त्या बाळंत झाल्या. माहेरचे दारही उघडले नाही. तान्ही मुलगी छातीशी धरून त्यांनी रेल्वेत, स्टेशनावर गाणी म्हणून भीक मागितली आणि रात्री स्मशानात काढल्या. भुताच्या भीतीने तिथे माणूस फिरकत नाही म्हणून! भिकेच्या भाकरीत त्यांनी अनाथ पोरांना वाटेकरी केले. त्यातूनच पुढे मांजरी आणि सासवडजवळच्या कुंभारवळण येथे संस्था उभ्या राहिल्या. आपपरभाव होऊ नये म्हणून पोटची ममता त्यांनी पुण्यातील एका ट्रस्टकडे सोपविली. ज्याने हाकलले तो नवरा म्हातारपणी दाराशी आला, तेव्हा त्यालाही लेकरू म्हणून ठेवून घेतले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ४ जानेवारी २०२२ रोजी त्या गेल्या.

बंधु-भगिनींनो, या जिद्दीला आपण टाळ्या वाजवितो आणि त्या वाजवाव्यातच. पण बाळंतीण बाई स्मशानात निजते, तेव्हा गाव कुठे असते? शंभरातली एखादीच सिंधुताई होते. बाकीच्या नव्याण्णव कुणाच्या पडवीत, कुणाची बोलणी खात, आयुष्य काढतात. तिच्या जिद्दीचे कौतुक ही आपल्या आळसाची सबब होता कामा नये.

आपल्याकडे बेघर होणे बहुधा कागदापासून सुरू होते. नवरा वारला, वारसनोंद झाली नाही, सातबारा सामाईक, निम्मी नावे मुंबईला. रमाईंच्या नावाने अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी घरकुल योजना आहे. पण पायाखालची जागा नावावर नसेल, तर अर्ज तिथेच अडतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या तालुक्यातील कौले-पत्रे उडाले, तेव्हाही कागदाची किंमत आपल्याला कळली.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, विधवेची आणि मुलांची वारसनोंद तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, लगेच करून घ्या. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात विधवेचा हिस्सा मुलांच्या बरोबरीचा आहे. दुसरी, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे राहत्या घरातून बाईला परस्पर बाहेर काढता येत नाही, घर कुणाच्याही नावावर असो. तिसरी, जन्मदाखला नाही म्हणून शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तसे सांगतो.

मुंबईकर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. गणपतीला, शिमग्याला, जयंतीला गावी याल, तेव्हा एक दिवस तलाठी कार्यालयासाठी ठेवा. भावजयीच्या, विधवा वहिनीच्या घरकुलासाठी लागणाऱ्या संमतीवर सही करा. त्या सहीने तुमची वाडी उणी होणार नाही. एका लेकराच्या डोक्यावर मात्र छप्पर येईल. मंडळानेही वाडीवाडीतील अशा भगिनींची यादी करावी आणि एकेका कार्यकर्त्याने एकेकीचे कागद पुरे होईपर्यंत तिच्याबरोबर हेलपाटे घालावेत.

जिद्द तिच्याकडे आहेच. सोबत आपण द्यायची आहे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!