रुग्णास घरी नेण्याची वेळ



रुग्णालयात खाट मिळत नाही, रुग्णास जमिनीवर निजवावे लागते, ही तक्रार आपल्या घराघरांत ऐकू येते. आपणां पालीकरांस बीडचे जिल्हा रुग्णालय जवळचे. दुखणे बळावले की अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाकडे धाव घ्यावी लागते. खाटा वाढाव्यात ही मागणी रास्तच आहे. परंतु आहे ती खाट वेळेवर मोकळी होते काय, हाही विचार व्हावयास हवा.

हिशेब सोपा आहे. ३० खाटांच्या वॉर्डात प्रत्येक रुग्ण ६ दिवस राहिला, तर महिन्याच्या ३० दिवसांत १५० रुग्णांची सोय होते. ५ दिवसांत घरी गेला, तर १८० जणांची. डॉक्टर सकाळच्या फेरीत ‘घरी न्या’ म्हणतात. पण कागद, औषधे, वाहन आणि नातेवाईक यांची वाट पाहता पाहता सायंकाळ होते, आणि दारात आलेला नवा रुग्ण तिष्ठत राहतो.

मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, सौम्य लक्षणांच्या रुग्णास ताप नसल्यास १० दिवसांनी, पुन्हा चाचणी न करता, घरी सोडण्याचा नियम केंद्र सरकारने केला. मात्र पुढील ७ दिवस त्याने घरीच वेगळे राहावे, असेही सांगितले. तात्पर्य, खाट सुटली तरी शुश्रूषा सुटत नाही. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीस घरी पोचविण्यास मोफत वाहन आहे, आणि नंतर आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत घरी येऊन बाळास पाहतात, त्यामागील तत्त्वही हेच.

आपल्या जिल्ह्याची अडचण निराळी आहे. ऊसतोडीच्या हंगामात कर्ती माणसे कारखान्यांकडे गेलेली असतात. मागे राहिलेल्या एकट्या म्हातारीस घरी सोडले, तर तिला पाणी कोणी द्यावे? अशा वेळी घाईने सोडणे म्हणजे तिला चार दिवसांनी पुन्हा त्याच दारी पाठविणे होय.

म्हणून आमची विनंती अशी : रुग्ण दाखल होताच घरी जाण्याचा अंदाजे दिवस विचारून ठेवावा, डिस्चार्ज कार्डावरील औषधे व पुढील तपासणीची तारीख समजून घेतल्याखेरीज निघू नये, आणि आपल्या संस्थेने रुग्णास आणण्यास व आठवडाभर भाकरी पोचविण्यास तयार असलेल्या कुटुंबांची यादी करावी. यास फार द्रव्य लागत नाही, आपलेपणा लागतो. आपण सोडलेल्या खाटेवर उद्या कोणाचे तरी लेकरू निजणार आहे, एवढे ध्यानी असावे.