यंत्राचा जिव्हाळा

मुलुंडच्या पूर्वेस चिंतामणराव देशमुख उद्यानात सायंकाळी वृद्ध मंडळी जमतात. कोणाचा मुलगा अमेरिकेत, कोणाची लेक बंगळुरास. दिवेलागणीला घरी परतल्यावर मात्र पुष्कळांना बोलावयास कोणी नसते. अशा घरी सोबतीस बोलका यंत्रमानव ठेवावा काय, हा प्रश्न आता कादंबरीपुरता राहिलेला नाही. जवळच पवईच्या आय. आय. टी.त शिकलेल्या तिघा तरुणांनी २०१५ मध्ये मुंबईत काढलेल्या कंपनीने मुलांशी हितगुज करणारा ‘मिको’ हा चिमुकला रोबो बाजारात आणला. आज नातवासाठी, उद्या आजोबांसाठी.

ही यंत्रे घडविणाऱ्यांपुढील खरे कोडे तारांचे वा चाकांचे नसून मनुष्यस्वभावाचे आहे. अमेरिकेत जोसेफ वाइझेनबाउम ह्यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा संगणकी संभाषणाचा खेळ प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारावयाचा, एवढीच त्याची विद्या. तरीही त्यांच्या चिटणीसबाईंनी त्याच्याशी बोलताना खुद्द त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले! माणूस इतक्या सहज जीव लावतो, तेथे यंत्राने सोंग किती घ्यावे?

जपानच्या ताकानोरी शिबाता ह्यांनी ह्यावर मोठी मार्मिक तोड काढली. यंत्राचे मांजर केले, तर लोक ते खऱ्या मांजराशी ताडून पाहतात आणि हिरमुसतात. सील मात्र कोणी पाळलेला नसतो! म्हणून त्यांचा ‘पारो’ सीलच्या पांढऱ्या पिलासारखा केसाळ आहे. तो शब्द बोलत नाही. कुरवाळले की डोळे मिटतो, हाक आली की मान वळवितो. वृद्धाश्रमात तो मांडीवर आला की शेजारच्या दोघी त्याच्या निमित्ताने एकमेकींशी बोलू लागतात, आणि त्याचा हाच गुण सर्वांत मोलाचा मानावा लागेल.

उलट, अमेरिकेतील ‘मॉक्सी’ ह्या मुलांच्या बोलक्या सवंगड्याची कथा पाहा. त्याची वाणी दूरच्या संगणकांवर अवलंबून. २०२४ च्या डिसेंबरात कंपनी बंद पडत असल्याचे जाहीर झाले आणि आपला मित्र मुका होणार, हे लेकरांना समजाविण्याचा प्रसंग आईबापांवर आला.

तेव्हा मुलुंडच्या घरात असा सोबती आणू पाहणाऱ्याने त्याच्या गोजिरवाण्या डोळ्यांवर भुलण्यापूर्वी विक्रेत्याकडून काही गोष्टी लेखी मागाव्यात. कंपनी बुडाल्यास हा बोलेल काय? घरातले बोलणे कोठे साठविले जाईल? आणि मध्यरात्री आजी मराठीत ‘जीव घाबरा होतोय’ म्हणाल्या, तर हा नुसते सांत्वन करील, की शेजाऱ्यास उठवील?